अर्थाआधी पत्ता विचारा

इंग्रजी वाक्प्रचार यादी पाठ करून येत नाहीत. ते कुठल्या मैदानातून, छावणीतून, कचेरीतून आले हे कळले की अर्थ पाठोपाठ येतो. आणि यातले बरेच पत्ते जोगेश्वरीकराच्या ओळखीचे आहेत.

सकाळी नऊच्या सुमारास जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. १९७३ साली सुरू झालेल्या सीप्झमध्ये आणि शेजारच्या एमआयडीसीत कामाला जाणारी पोरे मेघवाडी, मजासवाडी, बांद्रेकरवाडीतून निघालेली असतात. घरात कोकणी वळणाची मराठी आणि ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज साधारण असा: 'लेट्स टच बेस बिफोर लंच. अ बॉलपार्क फिगर विल डू. लेट्स नॉट बॉइल द ओशन.' यातला एकही शब्द अवघड नाही. बेस, बॉल, पार्क, बॉइल, ओशन हे शब्द पाचवीच्या मुलालाही येतात. वाक्य मात्र डोक्यावरून जाते.

साहेबांना म्हणायचे असते एवढेच: जेवणाआधी दोन मिनिटे बोलून घेऊ, आकडा अंदाजे सांगितला तरी चालेल, उगाच पसारा वाढवू नका.

शाळेत अशा वाक्प्रचारांची यादी असते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ, परीक्षेला गाळलेल्या जागा. त्या यादीत 'किक द बकेट' म्हणजे 'मरणे' असे लिहिलेले असते आणि ते खोटे नाही. पण मराठीत आपण वारले, निधन झाले, देवाज्ञा झाली, खपला, गचकला यांत किती काटेकोर फरक करतो! कोणाच्या वडिलांच्या दहाव्याला जाऊन 'काका कधी गचकले?' असे कोणी विचारत नाही. 'किक द बकेट' हे त्या 'गचकणे'च्या पंगतीतले आहे. ते सांत्वनाच्या पत्रात लिहिले तर व्याकरण बरोबर येईल आणि माणूस कायमचा दुरावेल. वाक्प्रचार कोणाच्या तोंडचा, कोणाशी बोलायचा आणि कुठल्या प्रसंगाचा, हे यादीत कुठेच नसते. ते शोधायचे तर त्याचा पत्ता काढावा लागतो.

मैदानावरचे

'टच बेस', 'बॉलपार्क' ही मंडळी अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावरची. या खेळात धावणाऱ्याला वाटेतल्या प्रत्येक बेसला, म्हणजे ठरलेल्या खुणेला, पाय लावूनच पुढे जावे लागते. नुसते जवळून पळून चालत नाही. तो क्षणभराचा स्पर्श म्हणजे थोडक्यात गाठ घेणे. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे मैदान. 'बॉलपार्क फिगर' नेमकी नसते, पण निदान मैदानाच्या कुंपणाच्या आत असते.

'रेन चेक'ची गंमत याहून मोठी. जोगेश्वरीच्या माणसाला 'रेन' ऐकले की जुलै आठवतो आणि 'चेक' ऐकले की बँक. १८८० च्या दशकात अमेरिकेत पावसाने बेसबॉलचा सामना बंद पडला, तर प्रेक्षकाच्या तिकिटाच्या तुकड्यावर त्याला पुढच्या सामन्याला येऊ देत. तो तुकडा म्हणजे रेन चेक. 'चहा घेऊ या का?' या प्रश्नाला कोणी 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणाले, तर त्याचा अर्थ: आज नको, पुन्हा कधीतरी नक्की. नकार आहे, पण दार उघडे ठेवलेला.

क्रिकेटचे मात्र कोणी समजावून सांगावे लागत नाही. 'स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीची परिस्थिती. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडून गेला आणि वरून ऊन आले की सुकत्या खेळपट्टीवर चेंडू कसाही उडायचा, कसाही वळायचा. भल्याभल्या फलंदाजांची भंबेरी उडायची. 'ऑन द बॅक फूट' म्हणजे बचावाच्या पवित्र्यात. 'ऑफ हिज ओन बॅट' म्हणजे कोणी न सांगता, स्वतःहून. नव्वदीच्या आजोबांबद्दल 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' म्हणतात तेव्हा म्हातारा चांगली खेळी खेळून गेला, असे ते आदराने म्हणणे असते. 'हॅट-ट्रिक'चा पत्ताही माहीत आहे: १८५८ साली शेफिल्डला एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तेव्हा वर्गणी काढून त्याला टोपी घेऊन दिली होती.

आपण तर यात आपली भर घातली. गुगली टाकणे, विकेट काढणे, क्लीन बोल्ड होणे, षटकार ठोकणे हे वगळून मराठी वर्तमानपत्राला राजकारणाची बातमी लिहिणे जड जाईल. मुष्टियुद्धातला 'बिलो द बेल्ट' आपल्याकडे 'कमरेखालचा वार' होऊन केव्हाच रुळला. 'द बॉल इज इन युअर कोर्ट' मधले कोर्ट मात्र अंधेरीचे नव्हे, टेनिसचे. चेंडू तुमच्या बाजूला आला आहे, आता काय करायचे ते तुम्ही ठरवा.

व्यवहारातली गोष्ट अशी की साहेब लंडनचा असेल तर क्रिकेट चालते. तो न्यू जर्सीचा असेल तर 'स्टिकी विकेट' ऐकून त्याचा चेहरा आपला 'रेन चेक' ऐकून होतो तसाच होणार.

रुळावरचे

मुंबईत पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पश्चिमेच्या मार्गावर १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली. तेव्हा कारभार रुळावर येणे, गाडी रुळावरून घसरणे हे आपले अस्सल घरगुती वाटणारे प्रयोग फार तर पावणेदोनशे वर्षांचे. त्याआधी घसरायला आपल्याकडे रूळच नव्हते.

'ग्रीन सिग्नल' चे आपण 'हिरवा कंदील' केले. लोकलच्या सिग्नलमधले कंदील जाऊन किती काळ लोटला, तरी मंत्रिमंडळ अजून प्रकल्पाला हिरवा कंदीलच दाखवते. ब्रिटिश रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात हिरव्याचा अर्थ 'जपून' असा होता. रस्ता मोकळा असल्याची खूण पांढरा दिवा होता. 'हिरवा म्हणजे जा' हे नंतर ठरले.

'लेट ऑफ स्टीम' हे वाफेच्या इंजिनाकडून आले. बाष्पकात दाब वाढला की झडपेतून वाफ सोडून द्यावी लागते, नाहीतर बाष्पक फुटायचा. म्हणून मनातली भडास बाहेर काढणे म्हणजे वाफ सोडणे. अमेरिकेतल्या गावांत रूळ गावाच्या मधून जात आणि एका बाजूला बड्यांची घरे, दुसऱ्या बाजूला गरिबांची वस्ती असे. त्यावरून 'फ्रॉम द राँग साइड ऑफ द ट्रॅक्स' आले. 'ईस्ट की वेस्ट?' हा ज्या उपनगरात पत्त्यातला पहिला प्रश्न असतो, तिथल्या माणसाला हे शब्दकोश न उघडता कळावे.

छावणीतले

एक इंग्रजी वाक्प्रचार तर थेट महाराष्ट्रात जन्मला. एखाद्याचे डोके फिरले, तो भ्रमिष्टासारखा वागू लागला, की इंग्लंडात 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणतात. हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळचे आपले देवळाली.

एकोणिसाव्या शतकात देवळालीला ब्रिटिश लष्कराची छावणी होती. हिंदुस्थानातली मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. जहाजे ठरावीक हंगामात, थंडीच्या महिन्यांत सुटत. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत तिथेच बसावे लागे. काम नाही, ऊन रणरणते, घर डोळ्यांसमोर आणि जहाजाचा पत्ता नाही. दारू होती, मारामाऱ्या होत्या, आजार होते. काही जण खरोखर वेडे झाले. शिपायांनी या अवस्थेला नाव दिले 'डूलॅली टॅप'. त्यातला 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानीतला तप, आपला ताप. देवळालीचा ताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने 'ओल्ड-सोल्जर साहिब' या १९३६ च्या पुस्तकात ही हकिकत नोंदवली आहे. पुढे 'टॅप' गळाला, 'डूलॅली' तेवढे उरले. ज्या इंग्रजाला नाशिक नकाशावर दाखवता येणार नाही, तोही हा शब्द सहज वापरतो. २००९ मध्ये पुण्यात सुरू होऊन मुंबईत आलेल्या बिअरच्या दुकानांनीही हेच नाव घेतले. तिथे 'टॅप' चा अर्थ अर्थातच तोटी.

छावणीतला दुसरा म्हणजे 'बाइट द बुलेट': टाळता न येणारे दुखणे दातओठ खाऊन सोसणे. आपल्या जे. जे. कला शाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या 'द लाइट दॅट फेल्ड' या १८९१ च्या कादंबरीत तो भेटतो. याच्या उगमाची एक कथा आपल्याकडे फार चालते. १८५७ च्या काडतुसांची टोपणे दातांनी तोडावी लागत, त्यावरून हे आले म्हणे. पण फटक्यांची शिक्षा झालेले शिपाई ओरडू नये म्हणून तोंडात गोळी चघळतात, अशी नोंद फ्रान्सिस ग्रोसच्या बोलभाषेच्या कोशात अठराव्या शतकाच्या अखेरीसच सापडते. म्हणजे बंडाच्या आधी कितीतरी वर्षे. कथा चटकदार असली की ती खरीच असते असे नाही.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' चेही तेच. गवताच्या छपरांवर कुत्री-मांजरे झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, ही गोष्ट मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरते आहे. तिला आधार नाही. जोनाथन स्विफ्टने १७३८ च्या 'पोलाइट कॉन्व्हर्सेशन' मध्ये हा प्रयोग घातला, तो गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टिंगल करणाऱ्या पुस्तकात. आज इंग्लंडातला माणूस बोलताना तो क्वचितच वापरतो. आपल्या गाइडांत मात्र तो पहिल्या पानावर असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवसाबद्दल इंग्रजीत लिहायचे तर कुत्री-मांजरे आणू नका, आकडा लिहा.

कचेरीतले

'रेड टेप' आपल्याकडे 'लालफीत' होऊन आली. इंग्लंडात सतराव्या शतकापासून सरकारी आणि न्यायालयीन कागद लाल फितीने बांधत. फीत सोडायची, कागद पाहायचा, पुन्हा बांधायचा. या सोहळ्यात काम अडकते, म्हणून कूर्मगतीच्या कारभाराला ते नाव पडले. पेशवे दप्तरातले कागदही कापडात बांधलेले, त्या गठ्ठ्यांना 'रुमाल' म्हणतात. पण रुमालावरून दिरंगाईचा वाक्प्रचार आपण केला नाही. आपण केला तो दप्तरावरून: 'अर्ज दप्तरी दाखल केला.' सही, शिक्का, तारीख सगळे जागच्या जागी आणि अर्जाचा मात्र कायमचा निकाल. ज्याने रेशन कार्डावर नाव चढवायला खेटे घातले आहेत, त्याला दोन्हींचा अर्थ सांगायला नको.

हायवेवरचे

जोगेश्वरी पूर्वेला पश्चिम द्रुतगती मार्गालगत बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. हायवेवर अपघात झाला की पहिला प्रश्न जखमीला उचलणार कोण हा असतो. पोलिसांच्या चौकशीचे लचांड मागे लागेल या भीतीने लोक बघत उभे राहत. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केंद्र सरकारने केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. कायद्याने या मदतगाराला जे नाव दिले ते एक वाक्प्रचारच आहे: 'गुड समॅरिटन'.

यादीत त्याचा अर्थ 'परोपकारी माणूस' असा मिळतो. बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायातली मूळ गोष्ट त्याहून तिखट आहे. जेरुसलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. त्याच्याच समाजातला पुरोहित आला आणि बाजूने निघून गेला. देवळाचा दुसरा सेवेकरी आला, तोही गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे समॅरिटन. या दोन समाजांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर, रोटीव्यवहारसुद्धा नाही. गोष्ट ऐकणाऱ्यांना धक्का बसावा म्हणूनच मदत करणारा 'त्यांच्यातला' निवडला होता. नुसता परोपकार म्हटले की हा धक्का निघून जातो. दंगलीच्या आठवणी असलेल्या उपनगरात हा वाक्प्रचार त्याच्या पुऱ्या वजनासह कळायला हरकत नसावी.

आपले वाटतात ते

वाक्प्रचारांची ही आयात नवी नाही. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' हे कुठल्याही आजीच्या तोंडी शोभेल असे वाक्य. पण कोल्हा, द्राक्षे आणि टोमणा ही तिन्ही इसापची. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत बापू छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८ ला आली. तिथून त्या शाळेच्या पुस्तकांत शिरल्या आणि गोष्टीतून वाक्प्रचार सुटे झाले. 'लांडगा आला रे आला', 'सोन्याची अंडी देणारी कोंबडी' आणि 'मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची' हेही इसापच्याच नावावर आपल्याकडे चालतात. यांना कोणी परके म्हणत नाही.

'सिंहाचा वाटा' ही त्याच घरातला. जुन्या गोष्टीत सिंह शिकारीचे वाटे करतो आणि एकेक कारण सांगून सगळेच स्वतः ठेवतो. म्हणजे मूळ अर्थ 'सगळे'. वापरता वापरता तो 'सर्वांत मोठा भाग' असा मवाळ झाला. मराठीत तर 'स्पर्धेच्या यशात त्यांचा सिंहाचा वाटा आहे' असे सत्काराच्या भाषणात म्हणतात आणि सत्कारमूर्ती खूष होते. गोष्ट आठवली तर हार परत करील.

हात, पाय आणि घोटाळे

सर्वांत जास्त फसगत होते ती शरीराच्या अवयवांत, कारण तिथे शब्द जुळतात आणि अर्थ उलटतो.

'पुलिंग युअर लेग' म्हणजे थट्टा करणे. मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. वरिष्ठ हसत म्हणाला की 'मी तुझा लेग पुल करतोय', तर नवीन पोराने बढती रोखली असे समजू नये.

'आय वॉश माय हँड्स ऑफ इट' म्हणजे या प्रकरणाशी माझा संबंध संपला. येशूला शिक्षा देताना पिलाताने लोकांसमोर हात धुतले, तिथून हे आले. आपल्याकडे हात धुऊन मागे लागतात, म्हणजे पिच्छा सोडतच नाहीत. त्यांच्या या हात धुण्याला आपला जोडीदार आहे 'हात वर करणे'. पण इंग्रजी बैठकीत हात वर केला तर तुम्हाला काहीतरी बोलायचे आहे असे समजून अध्यक्ष तुमच्याकडे वळतील.

'पुट युअर फूट इन युअर माउथ' म्हणजे नको ते बोलून बसणे. मराठी माणूस तोंडात बोट घालतो ते आश्चर्याने.

म्हणींचेही असेच. गाइडात 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' समोर 'वाहत्या गंगेत हात धुणे' छापलेले सापडते. इंग्रजी म्हण शेतकऱ्याला शहाणपण शिकवते: ऊन आहे तोवर गवत वाळवून घे. आपल्या म्हणीत दुसऱ्याच्या जोरावर फायदा उपटण्याचा वास आहे. मुलीच्या प्रशस्तिपत्रात 'शी मेक्स हे' असे आले तर ते कौतुक. तिला वाहत्या गंगेत हात धुणारी म्हटले तर आई भांडायला येईल. याउलट 'पीस ऑफ केक' आणि 'डाव्या हातचा मळ', 'बटर अप' आणि 'लोणी लावणे', 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर' आणि 'आगीतून फुफाट्यात' या जोड्या अगदी मापात बसतात. माप पाहायचे ते अर्थाचे नव्हे, बोलणाऱ्याच्या सुराचे. दाते आणि कर्वे यांनी संपादित केलेला 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४० च्या दशकात दोन खंडांत निघाला. आपला वाक्प्रचार नेमका काय म्हणतो याबद्दल शंका आली की तो उघडावा.

वापरायचे किती?

समजून घ्यावेत तेवढे थोडे. वापरायच्या बाबतीत मात्र हात आखडता बरा. टेकडीवरच्या इस्माईल युसूफ कॉलेजात १९३० पासून इंग्रजी शिकलेल्या कितीतरी पिढ्या नोकरीला लागल्या. त्यांना साध्या, नेटक्या इंग्रजीने तारले असणार, कुत्र्या-मांजरांच्या पावसाने नव्हे. ईमेल, अर्ज, तक्रार, रजेची चिठ्ठी यांत वाक्प्रचार टाळलेलाच बरा. तो चुकला तर चटकन दिसतो, नसला तर कोणाला आठवतही नाही. बोलण्यात समोरच्याने वापरला तर ऐकावा, कोण कोणाला कशाबद्दल म्हणाले ते लक्षात ठेवावे आणि तोच दोन-तीन वेळा त्याच अर्थाने कानावर पडला की मग तोंडात घ्यावा. तोवर 'सॉरी, काय म्हणालात?' असे विचारण्यात कमीपणा नाही. इंग्रजाला 'हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका' म्हणून बघा, तोही हेच विचारील.

मुलाखतीला निघालेल्यांनी एक तेवढे आजच दुरुस्त करून घ्यावे. 'आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-टू' हे आपल्याकडे सर्रास चालते, कारण खडकवासल्याच्या एनडीएतली पासिंग आउट परेड आपल्या डोळ्यांसमोर असते. लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्याला ते शोभते. परदेशातल्या मुलाखतकाराला मात्र तुम्ही २०२२ साली चक्कर येऊन पडलात असे ऐकू येते. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा आणि पुढच्या प्रश्नाला तयार राहा.